गोंडा उशिरा पोचतो

एका गायीच्या शेपटात माझे अकरा दिवस गेले. अ‍ॅनिमेशनची अख्खी गाय चार दिवसांत झाली होती, चालणं, मान खाली घालून कुटार खाणं, कान झटकणं, डोळ्यांची उघडझाप, सगळं पास पण झालं, आणि मग शेवटच्या कॉलवर समोरून एकच वाक्य आलं की बाकी सगळं मस्त आहे, फक्त शेपूट रबराचं वाटतंय. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात ना, ते आमच्या धंद्यात शब्दशः होतं, कारण शेपूट सगळे शेवटीच करतात. आधी कंबर, मग पाय, मग मान, आणि हातात वेळ उरला तर कान आणि शेपूट. मीही इतकी वर्षं तसंच करत आले.

काम तसं छोटंच होतं. शाळेतल्या लहान पोरांसाठीची फिल्म, त्यात एक सहा सेकंदांचा शॉट, संध्याकाळची वेळ, अंगणात गाय उभी आहे. माशा दाखवायच्या नाहीत हे आधीच ठरलेलं, लहान मुलांच्या फिल्ममध्ये घाण नको म्हणून. म्हणजे फ्रेममध्ये फक्त गाय, तिच्या मागची भिंत आणि शेपूट. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे २४ फ्रेम, या हिशोबाने सहा सेकंद म्हणजे १४४ फ्रेम. मी पुण्यात काही वर्षं स्टुडिओत काढून आता नागपूरला परत आलेय, नंदनवनला घराच्या वरच्या खोलीत बसून काम करते, आणि ते अकरा दिवस रोज रात्री आई जेवायला हाक मारायला वर यायची, स्क्रीनकडे बघायची आणि काही न बोलता खाली जायची, कारण स्क्रीनवर कालचीच गाय असायची.

शेपूट कसं करतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेपटाच्या आत एकापुढे एक हाडं लावतो, सॉफ्टवेअरमध्ये त्यांना बोनच म्हणतात, माझ्या गायीला नऊ होती. बुडाचं हाड डावीकडे फिरवलं की पुढची आठ त्याच्या मागे काठीसारखी एकदम फिरतात, ते तर भयंकरच दिसतं. म्हणून प्रत्येक हाड आपल्या आधीच्या हाडापेक्षा थोडं उशिरा फिरवायचं, समजा दोन-दोन फ्रेमने, म्हणजे नववं हाड बुडाच्या मागे सोळा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग. त्यामुळे होतं काय की बुड उजवीकडे वळलेलं असतं तेव्हा टोक अजून डावीकडेच चाललेलं असतं, मध्ये एक छान वेलांटी तयार होते आणि ती वेलांटी बुडापासून टोकापर्यंत सरकत जाते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन जुन्या अ‍ॅनिमेटर्सनी १९८१ मध्ये अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली त्यातलं एक हेच आहे, शरीर थांबलं तरी शरीराला लटकलेली गोष्ट लगेच थांबत नाही, आणि एका वेळी सगळे भाग सुरूही होत नाहीत नि बंदही होत नाहीत. शिकताना पहिल्या सहा महिन्यांत हे करून घेतात, बहुतेक वेळा चेंडूला शेपूट लावून.

हे सगळं मी केलेलं होतं. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालींचे आलेख दाखवणारी खिडकी, उघडला की नऊ हाडांच्या नऊ रेषा दिसायच्या, सगळ्या गुळगुळीत लाटा, एकीच्या मागे एक, बघायला इतक्या सुंदर की फ्रेम करून भिंतीवर लावाव्या. आणि शेपूट? ते पाण्याखालच्या शेवाळासारखं हलत होतं. कुठेच थांबत नव्हतं, कुठेच घाई नव्हती, सारख्या अंतराने इकडून तिकडे, तिकडून इकडे. गाय उभी होती आणि तिच्या मागे एक वेगळाच प्राणी पोहून राहिला होता.

मग मी जे सगळे करतात ते केलं, फिजिक्स लावलं. हाडांना वजन दिलं, सैलपणा दिला, गुरुत्वाकर्षण चालू केलं, कॉम्प्युटरच ठरवेल म्हटलं. आता ते दोरीसारखं दिसायला लागलं. अगदी खरी दोरी, कोणी शंका घेतली नसती, पण दोरी. एखाद्या मेलेल्या गोष्टीला कोणीतरी धक्का देऊन सोडल्यासारखं. तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं, कारण गुळगुळीत झालं, भौतिकशास्त्राप्रमाणे बरोबर झालं, आणि तरी त्यात गाय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटोलची बस पकडली. मामाची संत्र्याची बाग आहे तिकडे, आणि कोठ्यात (गोठ्याला आमच्याकडे कोठाच म्हणतात) दोन बैल, एक म्हैस आणि एक गवळाऊ गाय. गवळाऊ म्हणजे वर्धा-नागपूर भागातली आपली जात, पांढरी, अंगाने हलकी, पायाने चपळ. पोळा पंधरा दिवसांवर आलेला, पावसाची उघडीप, माशांचे दिवस. मी कोठ्यात स्टूल टाकून बसले आणि मोबाईल स्लो मोशनवर लावला, सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे आपल्या २४ च्या हिशोबाने दहापट हळू. मामा ढेप (पेंड) भिजवत होता.

"काय करून राह्यली वं?"

म्हटलं शेपूट बघून राहिले.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गायीकडे, आणि ढेप कालवायला लागला. त्याला हे विचित्र वाटलं नाही याचं मला अजून बरं वाटतं.

पहिली गोष्ट दिसली ती ही की शेपूट बहुतेक वेळ हलतच नाही. नुसतं लटकलेलं असतं, सरळ खाली, गोंडा जरासा वाऱ्यावर. मी घड्याळ लावून मोजलं, एकदा चार फटके लागोपाठ बसले आणि मग अकरा सेकंद काही नाही, मग एक अर्धवट, जणू मध्येच विचार बदलला, मग परत शांत. माझ्या स्क्रीनवरच्या शेपटाला मी एक क्षण पण गप्प उभं राहू दिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट स्लो मोशनमुळेच कळली. फटक्याच्या आधी गायीच्या बरगडीवरचं कातडं थरथरतं, तेवढाच तळहाताएवढा भाग, बाकी अंग स्थिर. गायी-घोड्यांच्या कातडीखाली एक पातळ स्नायू असतो, तो हे करतो. कातडं थरथरलं, माशी उठली नाही, मग कान त्या बाजूला वळतो, आणि मग शेपटाचं बुड. कधी कधी तर शेपूट कामाला लागतच नाही, कातडं थरथरण्यावरच भागतं, मान फिरवली की भागतं. शेपूट म्हणजे तिचा एकुलता एक उपाय नव्हे, बरेचदा तिसरा.

आणि फटका असा लाटेसारखा नाहीच. बुड एकदम उचलल्यासारखं होतं, झटक्यात, शेपटाचा मधला भाग खेचला जातो, गोंडा अजून खालीच असतो, जणू त्याला निरोपच पोचला नाही, आणि मग तो एकदम सुटतो, मोठा गोल घेऊन पाठीवर आपटतो, केस पसरतात, क्षणभर तिथंच पाठीला चिकटून राहतात, आणि मग सावकाश घसरत खाली. जाताना चाबूक, येताना कापड. जाणं आणि येणं यांची गती इतकी वेगळी आहे की एकाच वस्तूची वाटू नये. मी दोन्हीकडे सारखीच लाट काढलेली होती.

मी मामाला विचारलं, ही दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी का मारते, कधी मांडीवर, कधी पाठीवर.

"माशी बसते तिथंच मारते ते. हवेत कायले मारन?"

बस. अकरा दिवसांचं उत्तर होतं ते, आणि ते देताना त्याने हात पण थांबवला नाही. माझं शेपूट कुठे जात नव्हतं. त्याला पत्ताच नव्हता. मी त्याला हलायला शिकवलं होतं, पण कशासाठी हलायचं ते दिलं नव्हतं, आणि लहान पोरांना न दिसणारी का होईना, माशी त्या शॉटमध्ये कुठेतरी बसलेली असायला हवी होती.

घरी आल्यावर शोधत बसले तर यावर चक्क अभ्यास झालेला सापडला, अमेरिकेतल्या संशोधकांचा, २०१८ चा. त्यांनी घोडे, झेब्रे, हत्ती, जिराफ आणि कुत्रे शेपूट हलवताना चित्रित केले आणि मोजलं. एक मीटर दोरीला वजन बांधून सोडलं तर एक पूर्ण हेलकावा साधारण २ सेकंदांचा होतो, हे शाळेत लंबकाच्या प्रयोगात आपण सगळ्यांनी केलंय. तर प्राण्यांचं शेपूट अशा नुसत्या लंबकाच्या तिप्पट वेगाने झुलतं, आणि त्यासाठी २७ पट ताकद लागते असं त्यांचं गणित आहे. मग त्यांनी शेपटासारखं फिरणारं एक यंत्र बनवलं, त्याच्या नुसत्या वाऱ्याने, सेकंदाला एक मीटर इतक्या मंद वाऱ्याने, निम्म्यापर्यंत डास बसायचे थांबले. म्हणजे माझं फिजिक्सवालं शेपूट दोरी का दिसत होतं ते कळलं. गुरुत्वाकर्षण शेपटाला जेवढं हलवेल तेवढंच ते हलत होतं, आणि जिवंत शेपूट तसं हलतच नाही, त्यात सतत कोणीतरी बुडातून ताकद ओतत असतं. त्या दिवसापासून मी फिजिक्स फक्त गोंड्यापुरतं ठेवलं. केस तेवढे कॉम्प्युटरला, हाडं माझी.

हाडांवरून आठवलं. गायीच्या शेपटात साधारण अठरा ते वीस मणके असतात, आणि ते बुडाशी मोठे, टोकाकडे लहान लहान होत जातात, आणि शेवटी हाड संपतं नि नुसते केस उरतात. माझी नऊची नऊ हाडं एकाच मापाची होती, म्हणून शेपूट सगळीकडे सारखंच वाकत होतं, रबरी पाइपसारखं. बुडाकडे दोन मोठी, पुढे हळूहळू लहान, आणि गोंडा पूर्ण वेगळा, इतकं बदललं तर काहीही न हलवता सुद्धा ते शेपूट वाटायला लागलं. रिग करताना, म्हणजे आत हाडं बसवताना, मणके मोजावेत, हे मी आता शिकणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते.

पण नियम सापडला म्हणून आनंदात राहावं तर आमच्या ओट्यावर एक मांजर येऊन बसते. तिचं सगळं शेपूट फरशीवर आडवं पडलेलं, बिलकुल स्थिर, आणि फक्त शेवटचं बोटभर टोक उचलून टप, थोड्या वेळाने परत टप. समोर लिंबाच्या झाडावर चिमण्या. इथे तर बुड आधी नि टोक शेवटी हा नियमच उलटा झाला, बुड गप्प आणि टोक बोलतंय! कारण तिच्या शेपटाचे स्नायू कमरेपाशी असले तरी त्यांच्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोरे, पार पुढच्या मणक्यांपर्यंत गेलेल्या असतात, तिला हवं तर नुसतं टोक ओढता येतं. म्हणजे जिथे शेपूट शरीरामागे फरफटतं तिथे बुड आधी, आणि जिथे प्राणी स्वतः शेपूट वापरतो तिथे तो म्हणेल तो भाग आधी. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका या दोन गोष्टी एक समजण्यातून होतात. मांजर धावतेय तेव्हा पहिली गोष्ट, मांजर विचार करतेय तेव्हा दुसरी, आणि मांजर धावता धावता विचार करतेय तेव्हा दोन्ही एकावर एक, आणि ते करायला मला अजूनही जमेल असं छातीठोक सांगता येणार नाही.

खारीचं तर अजून निराळं. ती ओरडते तेव्हा प्रत्येक चिरकण्याबरोबर शेपटाला झटका, आणि दोन झटक्यांच्या मध्ये काहीच नाही. तिथे मधल्या फ्रेम गुळगुळीत केल्या की खार मेली समजा.

कुत्र्याचं सांगायलाच हवं कारण सगळ्यात जास्त कुत्रेच करायला मिळतात. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडं ही म्हण मला अलीकडे म्हण कमी आणि कामाची सूचना जास्त वाटते. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचं शेपूट पाठीवर गोल वळलेलं असतं, आणि ते हलतं तेव्हा तो गोल मोडत नाही, गोल तसाच राहतो आणि बुडापासून अख्खा गोल इकडेतिकडे होतो. तिथे गायीसारखी लाट सोडली की शेपूट एकदा सरळ होतं, एकदा वाकडं होतं, आणि कुत्रा खोटा पडतो. दुसरं म्हणजे ओळखीचं माणूस दिसल्यावर ते शेपूट हलवत नाहीत, कंबर हलवतात. मागचे पाय सुद्धा जागचे सरकतात. मी दूध आणायला निघाले की गेटपाशी जो एक येतो त्याचं तर अर्धं अंग हलतं. कंबर स्थिर ठेवून नुसतं शेपूट हलवलं तर ते गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखं दिसतं, आणि टीव्हीवर मी असे वायपर पुष्कळ बघते.

इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याचं शेपूट त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला जास्त झुकतं, आणि समोर अनोळखी दांडगा कुत्रा असेल तर डाव्या. फरक बारीक आहे, आपल्याला नुसत्या डोळ्यांनी सहज कळत नाही. पण २०१३ मध्ये त्याच मंडळींनी कुत्र्यांना हलणाऱ्या शेपटांचे व्हिडिओ दाखवले तर डावीकडे झुकणारं शेपूट बघून त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. हे वाचल्यापासून कोणी कुत्र्याचा शॉट आरशासारखा उलटा करून वापरायचा म्हटलं की मी नाही म्हणते. माणसांना चालेल, कुत्र्यांना कळेल.

रामटेकला गेलात तर गडावर जाताना वानरं बघा, काळ्या तोंडाची, हातातलं प्रसादाचं पाकीट आधी सांभाळा आणि मग शेपूट बघा. अंगापेक्षा लांब शेपूट. भिंतीवर बसलेलं असतं तेव्हा ते खाली इतकं सरळ लटकतं की कोणीतरी ओळंबा सोडलाय असं वाटावं, आणि चालायला लागलं की तेच शेपूट पाठीवरून कमान करून डोक्याच्या दिशेने येतं. उडी मारताना शेपूट मागे पडतं, वानर पलीकडच्या कठड्यावर टेकतं, पाय टेकले, हात टेकले, आणि शेपूट अजून येतच असतं, ते वरून पुढे जातं आणि मग बसतं. मला एकदा एका पुस्तकासाठी शेपटाने फांदीला लटकणारं वानर काढून मागितलं होतं. मी नाही दिलं. आपली वानरं, माकडं शेपटाने लटकत नाहीत, ती ताकद दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या काही जातींच्याच शेपटात आहे, आणि ज्या पोराने रोज गच्चीवर वानर बघितलंय त्याला आपण पुस्तकातून चुकीचं वानर का दाखवायचं? यावर तेव्हा बरीच ताणाताणी झाली, ते काम गेलं. मला त्याचं काही वाटत नाही.

काटोलहून निघायच्या आधी मामीने माळ्यावरून एक वस्तू काढून दिली. माझा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा भरतो, चाकांचा लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची पद्धत. या बैलाचं मूळचं कोरलेलं शेपूट कधीतरी मोडलं होतं आणि बाबांनी तिथे खिळा ठोकून काळ्या लोकरीची वेणी बांधून दिली होती. मला ते आठवलं एकदम, गल्लीतून पळताना मी पुढे न बघता सारखी मागे बघायचे, कारण मी पळाले की ती वेणी मागे ताठ व्हायची, मी थांबले की बैल थांबायचा आणि वेणी पुढे येऊन त्याच्या मागच्या चाकाला लागायची, आणि मग दोन-तीन बारीक झोके. मी मुद्दाम थांबत थांबत जायचे. बाकीच्या पोरी पुढे निघून जायच्या, त्यांचा बोजारा जास्त व्हायचा.

तो बैल आता माझ्या टेबलावर आहे. वेणी नवीन बांधली.

शॉट मी परत पहिल्यापासून केला. आधीची नऊच्या नऊ हाडं आणि त्यांच्या सगळ्या सुंदर लाटा काढून टाकल्या. डाव्या बरगडीवर, पोटाच्या जरा वर, एक जागा ठरवली आणि फक्त मला दिसेल असा एक लाल ठिपका ठेवला. पहिल्या ५८ फ्रेम शेपूट लटकलेलं, नुसता गोंडा जगतोय इतकं हलतंय. मग ठिपक्याभोवतीचं कातडं थरथरतं, सात फ्रेम. कान मागे. एक फटका, जरा चुकलेला, ठिपक्याच्या मागे पडलेला. थांबणं. मग दुसरा, बुडातून जोरात, जायला पाच फ्रेम, ठिपक्यावर तीन फ्रेम केस पसरलेले, आणि उतरायला तब्बल वीस. शेवटचे झोके दोनच, दुसरा अगदी नावापुरता. मग परत शांत, शॉट संपेपर्यंत. शेवटी ठिपका डिलीट केला.

पाठवायच्या आधी मामाला मोबाईलवर पाठवलं. त्याने रात्री व्हिडिओ कॉल केला, मामी पण शेजारी बसलेली, मागे कुठेतरी कोठ्यातली घंटी वाजत होती. दोघांनी माझ्यासमोरच ते सहा सेकंद तीन-चार वेळा लावून बघितले.

"गाय कोनाची हाय?" मामीने विचारलं.

मामा अजून स्क्रीनमध्येच बघत होता. म्हणाला, "पहिल्यांदा नाई लागली तिले. डाव्या अंगाले बसली होती, पोटाच्या वर, दुसऱ्यांदा उडवली."